वेणूमावशींचे नाक

वेणूमावशी कोणाच्याही घरी गेल्या तरी लगेच आत येत नसत. दार उघडून ‘या’ म्हटले, तरी त्या उंबरठ्याबाहेर दोन्ही पाय जुळवून उभ्या राहत, डोळे मिटत आणि हनुवटी किंचित उचलून एक श्वास घेत. तो श्वास लांब असे. गवयाने पहिला षड्ज लावण्यापूर्वी घ्यावा तसा. मग डोळे उघडून त्या उजवे पाऊल आत टाकत. तेवढ्या वेळात त्या घराने त्यांना जे सांगायचे ते सांगितलेले असे.

आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा मी सतरा वर्षांची होते. वडिलांची टपाल खात्यात बदली झाली होती आणि भवानीपुरात एका तिमजली घराचा मधला मजला आम्हाला भाड्याने मिळाला होता. सामान अजून पोत्यांत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक उंच, हडकुळ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. नाक अगदी साधे होते, थोडे बसकेच. पुढे ज्या नाकाची मला इतकी धास्ती आणि इतकी ओढ वाटणार होती, त्याकडे त्या दिवशी मी पुन्हा वळून पाहिलेही नाही.

“मी वेणू. वर राहते. जिन्यात मराठी ऐकू आलं म्हणून आले,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिटले. आई गोंधळून माझ्याकडे पाहू लागली.

“काल तुमचं दूध उतू गेलं,” डोळे उघडत त्या म्हणाल्या, “आणि ते तुम्ही कोऱ्या कापडानं पुसलंत. खळीचा वास अजून आहे.”

“जुनं फडकं सापडेचना हो सामानात!” आई चोरी पकडल्यासारखी हसली.

“असू दे. नव्या घरात दूध उतू गेलेलं चांगलं.” मग त्यांनी उत्तरेकडच्या कोपऱ्यातल्या खोलीकडे बोट केले. “त्या खोलीत मात्र पोरीला निजवू नका इतक्यात. तिथं कुणीतरी फार दिवस पडून होतं. भिंतीनं अजून सोडलेलं नाही.”

त्या खोलीत माझीच खाट मांडलेली होती. चार दिवसांनी घरमालकीणबाईंकडून कळले की, त्यांच्या सासूबाई त्या खोलीत दीड वर्ष अंथरुणाला खिळून होत्या आणि खाट त्याच भिंतीला लावलेली असे. आईने त्याच दुपारी माझी खाट बाहेरच्या खोलीत ओढली. मी मात्र कितीतरी दिवस त्या भिंतीजवळून जाताना श्वास रोखून धरीत असे.

मावशींचे यजमान रेल्वेत होते. नोकरीतच गेले. मूलबाळ नव्हते. साताऱ्याला भाऊ होता आणि तो दर दिवाळीला ‘आता इकडे ये’ असे पत्र पाठवी. मावशी गेल्या नाहीत. “इथल्या प्रत्येक गल्लीला आपला वास आहे,” त्या म्हणत. “ट्रामच्या रुळांना आहे, पहाटे गंगेच्या पाण्यानं रस्ते धुतात त्याला आहे, संध्याकाळी दगडी कोळशाच्या चुली पेटतात त्याला आहे. साताऱ्याला जाऊन मी या नाकाचं काय करू?” कलकत्त्यातल्या मराठी कुटुंबांना त्या गोडा मसाला आणि मेतकूट करून देत. बदलीवर आलेल्या बायकांना तोच मोठा आधार होता. परक्या गावात आमटीला घरची चव त्यांच्या डब्यातून येई.

मसाला भाजताना त्या डोळे मिटून घेत. मी शेजारी पाटावर बसे. कढईत खोबऱ्याचा कीस हळूहळू तांबूस होत असे आणि त्यांचा हात न पाहता फिरत असे. “डोळ्याला कळतं, पण उशिरा कळतं,” त्या म्हणत. “जळायच्या आधी खोबरं एक क्षण गप्प होतं बघ. वास थांबतो. तो क्षण नाकाला सापडला पाहिजे.” आणि नेमक्या त्या क्षणी कढई उतरलेली असे. त्या माझे डोळे मिटायला लावून नाकाखाली चिमटी धरीत: नागकेशर, बादियान, दगडफूल. दगडफुलाला मी ‘जुन्या देवळाचा वास’ म्हटले तेव्हा त्यांनी खूश होऊन माझ्या पाठीत धपाटा घातला. त्या काळात मी कविता लिहीत असे. एकदा धीर करून त्यांना वाचून दाखवल्या. त्या शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, “छान आहेत गं. रंगच रंग आहेत. पण नलू, यात कुणी स्वयंपाक करत नाही का? एकाही ओळीला वास नाही.”

त्यांच्या या गुणाला एक काळी बाजू होती आणि ती त्यांना ठाऊक होती. नारळ घ्यायला त्या सियालदहच्या बाजारात जात. त्या वर्षांत स्टेशनाच्या फलाटांवर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे राहत होती. तिथून परतल्या की त्या दिवसभर बोलत नसत. एकदा मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “माणसाच्या अंगाला त्याच्या घराचा वास असतो. त्या पोरांच्या अंगाला कसलाच वास उरलेला नाही.”

आणि पेरू. पिकलेला पेरू त्या घरात येऊ देत नसत. यजमानांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या श्वासाला पिकून उतरलेल्या पेरूचा वास येऊ लागला होता. “डॉक्टरांच्या आधी मला कळलं,” एका दुपारी त्या सुपारी कातरता कातरता सहज सांगून गेल्या. “साखर रक्तात फार चढली आणि अंग आतून जळायला लागलं की तो वास येतो. मी म्हणाले डॉक्टरांना. ते हसले. मग दोन दिवसांनी हसले नाहीत.”

पुढे मावशींनाही मधुमेह जडला. रोज सकाळी वर जाऊन त्यांची लघवी तपासणे आणि इन्सुलिनची सुई टोचणे हे माझे काम झाले. परीक्षानळीत निळे औषध घ्यायचे, त्यात आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी आणायची. निळे राहिले तर चांगले. हिरवे, पिवळे, शेंदरी या पायऱ्या चढत विटकरी झाले, तर वाईट. मावशी खाटेवरून विचारीत, “आज कुठलं लुगडं नेसलीय गं?” मी म्हणे, “मोरपंखी.” “बरं. बाहेर जाण्यासारखं आहे.” विटकरी असले की म्हणत, “अगं बाई, आज घरातच बसू दे तिला.”

पावसाळा आला की कलकत्त्यात बुरशीचे राज्य सुरू होई. चपलांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, देवघरातल्या चंदनाच्या खोडावरसुद्धा ती एका दिवसात उमटे. मावशींचे तिच्याशी वैर होते. त्यांच्या फडताळात सदैव कडुलिंबाचा पाला असे आणि दर दोन दिवसांनी त्या प्रत्येक बरणी उघडून हुंगत. एकदा आमच्या लिंबाच्या लोणच्यावर पांढरा तवंग आला. आई चमच्याने वरच्यावर तो काढू लागली. मावशींनी तिचा हात धरला.

“टाका सगळं.”

“अहो, वरच्यावर तर आहे! खाली चांगलं आहे.”

“वर दिसतं ते फूल आहे तिचं. मुळं खाली गेलेली असतात, ती डोळ्याला दिसत नाहीत.” मग बरणीचे तोंड फडक्याने बांधत त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “तिला घाई नसते हो. ती आपल्याआधी इथं होती. आपण कधी गोड होतो, तेवढी वाट बघते.”

हे वाक्य मला तेव्हा मजेशीर वाटले होते. मी ते वहीत उतरूनही ठेवले होते.

आता मिश्रीबद्दल लिहिले पाहिजे. मावशी मिश्री लावीत. भावाने पाठवलेली तंबाखू तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत जाळायची, खलून वस्त्रगाळ करायची आणि पितळेच्या डबीत भरायची. रोज दुपारी जेवण झाले की खिडकीत बसून बोटाने ती दातांना, हिरड्यांना, टाळूला चोळायची. त्यांचे सारे तोंड आतून काळसर दिसे. कलकत्त्याच्या मराठी बायकांत ही चाल तेव्हा गावंढळ समजली जाऊ लागली होती. अधिकाऱ्यांच्या बायका आल्या की मावशी डबी पदराआड करीत. “माझं एवढं एकच पाप आहे,” त्या मला म्हणत. “तू बघितलंस, पण तू बोलू नकोस.” मी शपथ घेतली होती. आषाढ लागून आठवडा झाल्यावर त्यांनी नवी मिश्री केली तेव्हा डबी मीच भरली. बोटाने दाबून दाबून, काठोकाठ.

मग आषाढी एकादशी आली आणि चातुर्मास लागला. त्या काळी आमच्याकडे बायका चार महिन्यांसाठी एखादी आवडती वस्तू सोडीत. आईने वांगे सोडले आणि ते साऱ्या घराला ऐकवले. “वेणूताई, तुम्ही काय सोडलंत?” तिने विचारले.

“सोडलं ते सोडलं,” मावशी म्हणाल्या. “नेम सांगितला की निम्मा परत येतो.”

“आम्हाला कळायला नको?”

“कार्तिकीला कळेल.”

माझे कॉलेजचे तास तेव्हा दुपारी असत. सकाळी सुई टोचून मी जाई ती संध्याकाळी परते. मावशींच्या दुपारी आता मी पाहत नव्हते.

भाद्रपदात गणपती गेले आणि मावशींना सर्दी झाली. अंगात कणकण होती, जेवण जाईना. चार दिवस त्यांनी पेजेवर काढले. मी सुई घेऊन गेले की म्हणत, “पोटात अन्न नाही आणि सुई कशाला? उलट साखर उतरेल आणि चक्कर येईल.” मला ते पटले. अन्न नाही म्हणून साखर नाही, असा साधा हिशेब मी मांडला आणि सुई ठेवून दिली. नळीतला रंग त्या दिवसांत मी पाहिलाच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मला जाग आली ती धुराने. जिन्यात काळा, कडू धूर दाटला होता. मी धावत वर गेले. दार सताड उघडे होते. चुलीवर कढईत खोबऱ्याचा कोळसा झाला होता, कडेने ज्वाळा उठत होत्या, आणि समोर पाटावर मावशी बसल्या होत्या. डोळे मिटलेले. हात संथपणे उलथने फिरवीत होता. चेहऱ्यावर नेहमीची ती वाट पाहणारी शांतता होती.

“मावशी!” मी किंचाळले आणि पदराने धरून कढई खाली ओढली. “अहो, जळलं की सगळं!”

त्यांनी डोळे उघडले. कढईकडे पाहिले, मग धुराकडे; जणू तो धूर कोणा दुसऱ्याच्या घरात होता. “अजून गप्प झालं नव्हतं गं,” त्या म्हणाल्या. “मी वाट बघत होते.”

दुसऱ्या दिवशी मी अंगणातल्या प्राजक्ताची ओंजळभर फुले घेऊन वर गेले. दव अजून पाकळ्यांवर होते आणि जिना चढताना माझ्या हातांना तो सुगंध लागला होता. मावशींनी फुले तळहातावर घेतली, नाकाशी नेली, पुन्हा नेली. मग एक देठ बोटांत धरून त्यांनी मला विचारले, “कागदाची आहेत का?”

त्यांची उजवी पापणी अर्धी मिटलेली होती आणि त्या बाजूचा गाल सुजून गुळगुळीत, अनोळखी दिसत होता. त्यांनी त्या गालावर बोट दाबले. “हा माझा नाही,” त्या म्हणाल्या. “बोट माझं आहे, गाल माझा नाही. आणि नलू, बाहेरचं काही येत नाही नाकात. एकच वास आहे, आतला. फार दिवस बंद असलेल्या घराचा.” त्यांनी आवाज उतरवला, खोलीत तिसरे कोणी असावे तसा. “कुणीतरी आत राहायला आलंय. उंबरठ्यावर थांबलंसुद्धा नाही.”

भर सकाळ होती. खाली ट्रामची घंटा वाजत होती, कोपऱ्यावर दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू ठोकत होते, आणि माझ्या पाठीवर काटा उभा राहिला.

मी गल्लीतल्या डॉक्टरबाबूंना घेऊन आले. मावशींचे बंगाली बाजारापुरतेच होते, म्हणून दोघांच्या मधे मी बसले. त्यांनी नाडी पाहिली, गाल दाबला, सुई बंद ठेवली म्हणून मला रागे भरले आणि आजच सुरू करायला सांगितले. मग मावशींना तोंड उघडायला लावून विजेरीचा झोत आत टाकला. टाळूवर उजवीकडे एक काळा डाग होता, पैशाएवढा.

“एटा की?” डॉक्टरबाबूंनी मला विचारले. हे काय आहे?

मी मान खाली घातली. शपथ मोडावी लागणार होती. मी हळूच सांगितले की, आमच्याकडे बायका तंबाखूची जाळलेली पूड तोंडात चोळतात, या रोज लावतात, त्याचा तो काळेपणा आहे.

“ओ, गुल!” डॉक्टरबाबू हसले. त्यांच्याकडच्या बायकाही तसली पूड लावीत. त्यांनी विजेरी विझवली.

त्याच क्षणी मावशींनी माझे मनगट धरले. बोटे तापलेली होती. आम्ही काय बोललो ते त्यांना कळले होते. ‘गुल’ हा शब्द त्यांना ठाऊक होता. त्या मान हलवू लागल्या, नाही, नाही. जीभ जड झाली होती. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. मला वाटले, आपले गुपित परक्या पुरुषापुढे उघडे पडले म्हणून त्या लाजल्या. मी वाकून त्यांच्या कानात म्हटले, “मावशी, ते कुणाला सांगणार नाहीत हो. पडून राहा बघू.” आणि एकेक बोट उचलून मी माझे मनगट सोडवून घेतले.

डॉक्टरबाबूंनी नाकाच्या पोकळीत पू झाल्याचे निदान केले, पेनिसिलिनच्या सुया दिल्या आणि वाफ घ्यायला सांगितली.

त्यानंतरचे तीन दिवस मला आजही एकसारखे आठवतात. सकाळी नळीतले पाणी उकळी फुटताच विटकरी होई. मी रंग सांगत नसे आणि मावशी विचारत नसत. त्या बहुतेक झोपेतच असत. दुसऱ्या दिवशी उशी सारखी करायला वाकले आणि मला वास आला. गोड, उग्र, पिकून उतरलेल्या पेरूचा. मी खाटेखाली पाहिले. फडताळात पाहिले, खिडकीच्या कठड्यावर पाहिले, कोणी फळे आणून ठेवली असतील म्हणून टोपली उपडी केली. माझ्या नाकाला कळले होते. मी मात्र पेरू शोधत राहिले. खाली आल्यावर आईलाही मी काही सांगितले नाही. तोंडातून शब्द काढला की ते खरे होईल, असे मला वाटत होते.

चौथ्या दिवशी उजवा डोळा पुढे आला होता आणि नाकातून काळे पाणी वाहत होते. वडिलांनी टॅक्सी आणली. मोठ्या सरकारी इस्पितळात एक पिकल्या केसांचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी तोंड उघडवले. डाग आता अर्ध्या टाळूवर पसरला होता.

“कोतो दिन?” त्यांनी विचारले. किती दिवस?

“ती मिश्री आहे,” मी घाईने म्हणाले. “तंबाखूची पूड. चार दिवसांपूर्वीही होती.”

त्यांनी चिमट्यात कापूस धरून डागावरून फिरवला. कापूस पांढराच राहिला. मग चिमट्याचे टोक त्यांनी काळ्या भागात रुतवले. मावशी हलल्या नाहीत. रक्ताचा थेंब आला नाही.

“पूड पुसली जाते, मा,” ते मला म्हणाले. वडीलधारी माणसे तिकडे मुलींना अशीच हाक मारतात. “हे मेलेलं मांस आहे.” वडिलांना बाजूला घेऊन ते बोलत होते, पण मला ऐकू येत होते. दमट हवेत पावावर जी बुरशी धरते, तिच्याच जातीची ही. श्वासातून सगळ्यांच्याच नाकात जाते आणि काही करत नाही. पण ज्यांच्या रक्तात साखर फार चढलेली असते आणि अंग आंबलेले असते, तिथे ती रुजते. नाकातून टाळूत, डोळ्यात, मेंदूकडे जाते, आणि जिथून जाते तिथले रक्त बंद करते. अशी माणसे त्यांनी याआधी दोनच पाहिली होती. “चार दिवस आधी आला असतात तर...” ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहून थांबले. “तरी काही सांगता आलं नसतं. हिच्यावर औषध नाही. कापायचं, आणि साखर उतरवायची.”

त्यांनी कापले. मला लोणच्याची बरणी आठवत होती.

दुसऱ्या दिवशी, सुयांनी साखर थोडी उतरल्यावर, मावशी शुद्धीवर आल्या. अर्धा चेहरा पट्टीत होता. जीभ जड होती, पण शब्द कळत होते. खिडकीबाहेर कोवळे ऊन पडले होते.

“नलू,” त्या म्हणाल्या, “वास सांग.”

मला समजले. मी डोळे मिटले, हनुवटी उचलली आणि श्वास घेतला. “फिनेलचा. ओल्या चुन्याचा. पलीकडच्या खाटेवर कुणी लिंबू कापलंय. खिडकीतून कोळशाचा धूर येतोय, थोडासाच.”

“जवळचा सांग.”

“पट्टीचा. औषधाचा.”

“माझा.”

मी डोळे उघडले नाहीत. “पेरूचा, मावशी. कालपेक्षा कमी आहे.”

“कधीपासून?”

“सोमवारपासून.”

मग त्यांचा हात चादरीवरून सरकत आला आणि माझ्या हातावर विसावला. “बोलली का नाहीस गं?”

मला रडू फुटले. त्यांनी मला रडू दिले. नंतर एकेक शब्द जोडीत त्या म्हणाल्या, “नाक तयार झालंय तुझं. आता तोंड तयार कर.” आणखी काहीतरी त्यांना सांगायचे होते, ओठ हलले. पण ग्लानी आली. त्या संध्याकाळी, दिवेलागणीला, त्या गेल्या. मांडवातल्या ढाकांचा, पूजेतल्या त्या मोठ्या ढोलांचा, सराव इस्पितळापर्यंत ऐकू येत होता.

तेराव्यानंतर आई आणि मी त्यांची खोली आवरायला गेलो. पंधरा दिवस बंद होती. दार उघडले आणि मी नकळत उंबरठ्यावर थांबले. नागकेशर, कडुलिंब, आणि खाली कुठेतरी जळालेल्या खोबऱ्याचा कडवटपणा. भिंतीने अजून सोडलेले नव्हते.

देवघरात, बाळकृष्णाच्या पाटामागे, मिश्रीची डबी होती. तिला लाल दोऱ्याचे चार फेरे घालून गाठ मारली होती आणि गाठीत तुळशीचे पान अडकवले होते. पान सुकून काळे झाले होते.

“अगं बाई,” आई म्हणाली, “हा होता होय त्यांचा नेम!”

मी गाठ सोडली. डबी काठोकाठ भरलेली होती. एकादशीच्या आधी मी दाबलेल्या बोटाचा ठसा मधोमध अजून होता. त्यावर जेमतेम दोनचार चिमट्या घेतल्याची खूण. आषाढी एकादशीपासून त्या पुडीला कोणी हात लावला नव्हता. अडीच महिने त्यांच्या तोंडात काळे असे काहीच गेले नव्हते. डॉक्टरबाबूंच्या विजेरीच्या झोतात जे दिसत होते ते मिश्रीचे नाही, हे त्या खोलीत एकट्या मावशींना ठाऊक होते आणि त्या मला तेच सांगत होत्या. त्यासाठी आपला नेम मोडायलाही त्या तयार झाल्या होत्या. मी त्यांची बोटे उचलून बाजूला केली होती.

आईला मी त्याच जागी, जमिनीवर बसून, सारे सांगितले. पेरूचेही सांगितले. तिने ‘डॉक्टर म्हणालेच होते ना, औषध नाही म्हणून’ असे म्हणत माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ते खरे असेल. ते खरे आहे की नाही, हे जाणायला जे चार दिवस लागले असते, ते मी घालवून बसले होते.

डबी पुन्हा बांधून मी माझ्याकडे ठेवली. लग्न होऊनही मी कलकत्त्यातच राहिले, आणि हळूहळू माझ्याकडे एक काम आले. कोणी मराठी बाई आजारी पडली आणि तिला बंगाली येत नसले की डॉक्टरांशी बोलायला मला बोलावतात. मी जाते. दारात क्षणभर थांबते. लोकांना वाटते, मी दम खाते आहे. मग खाटेच्या कडेला बसते आणि डॉक्टरांनी काही विचारले की स्वतः उत्तर देत नाही. आजारी माणसाकडे पाहते. माझे मनगट तिच्या हाताशी ठेवते. तिने ते धरले तर तिचे बोलून होईपर्यंत, कितीही वेळ लागो, मी ते सोडवून घेत नाही.